ग्रंथसूचीत पुन्हा पुन्हा उगवणारं &#039; आणि हरवणारं शेवटचं पुस्तक

बडोद्यातल्या एका छोट्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची मी सांभाळतो. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत लिहिलेली, मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणारी, मुळात दुसऱ्या कुणीतरी बांधलेली. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी चार भाषांची पुस्तकं तिच्यात एकत्र आहेत. तिथे एक तक्रार सतत परत यायची. पुस्तकाच्या नावात एकेरी अवतरणाच्या जागी &#039; दिसायचं. ग्रंथपालबाई नोंद उघडून नाव हाताने नीट करायच्या, पान स्वच्छ दिसायचं. पुढे कुणी त्याच नोंदीतला फक्त कपाट क्रमांक बदलला, की &#039; पुन्हा हजर.

असं काही दिसलं की बहुतेक जण 'फॉन्टचा प्रॉब्लेम' म्हणून सोडून देतात. फॉन्टचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आणि सोडून देण्यासारखंही हे नाही, कारण बिघाड पानावर दिसत असला तरी खराब होतो तो डेटाबेसमधला मजकूर. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ज्या संस्थानात गावोगावी ग्रंथालयं उभी केली, त्या बडोद्यात पुस्तकाचं नाव सूचीत चुकीचं असावं हे मला फार लागतं.

बिघाड परत का येतो

वेबपान ज्या खुणांच्या भाषेत लिहिलं जातं त्या एचटीएमएलमध्ये पाच चिन्हांना खास अर्थ आहे: <, >, &, " आणि '. मजकुरात ती आली की ब्राउझरने त्यांना टॅग किंवा गुणधर्माची हद्द समजू नये म्हणून आपण त्यांना वेगळ्या रूपात लिहितो. यालाच एस्केप करणं म्हणतात. पीएचपीत हे काम एचटीएमएलस्पेशलकॅर्स हे फंक्शन करतं आणि एकेरी अवतरणाचं &#039; करतं (जुन्या आवृत्त्यांत तसा पर्याय दिला तरच, ते पुढे येतं). ब्राउझर ते वाचून परत ' दाखवतो. इथवर सगळं ठीक.

आमच्या सूचीत एस्केप चुकीच्या टप्प्यावर होत होतं. नोंद जतन करताना कोड नाव एस्केप करून डेटाबेसमध्ये टाकायचा. यादीचं पान ते तसंच, पुन्हा एस्केप न करता छापायचं, म्हणून यादीत नाव बरोबर दिसायचं. दुरुस्तीचा फॉर्म मात्र शहाणपणाने पुन्हा एस्केप करायचा, म्हणून चौकटीत ' ऐवजी &#039; दिसायचं. कपाट क्रमांक बदलून 'जतन करा' दाबलं की त्या &#039; मधला & सुद्धा एस्केप व्हायचा आणि यादीच्या पानावर नागडा &#039; उघडा पडायचा. पुढच्या जतनाला आणखी एक थर. ग्रंथपालबाई नाव पुन्हा टाइप करायच्या तेव्हा सगळे थर निघून जायचे आणि पहिला थर नव्याने चढायचा. म्हणून दुरुस्ती टिकायची ती फक्त पुढच्या जतनापर्यंत.

उपाय एका ओळीत सांगता येतो: डेटाबेसमध्ये मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवायचा आणि एस्केप फक्त छापण्याच्या क्षणी करायचं. यावर लोकांचा आक्षेप ठरलेला असतो: 'आत घेतानाच साफ केलं तर पुढची काळजी मिटते ना?' मिटत नाही, वाढते. एस्केप केलेलं नाव साठवलं की शोध बिघडतो, कारण वाचक ' टाइप करतो आणि डेटाबेसमध्ये &#039; असतं. एका अक्षराची सहा झाली की लांब नावं कॉलमच्या मर्यादेबाहेर जातात, आणि मायएसक्यूएल कडक मोडमध्ये नसेल तर शेपूट मुकाट्याने कापलं जातं. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्याच डेटावरून छापल्या तर त्यांच्यावरही &#039; येतं, कारण छापील चिठ्ठीला एचटीएमएल कळत नाही.

पीएचपीने हीच चूक भाषेच्या पातळीवर करून पाहिली आहे. मॅजिक कोट्स नावाची सोय आत येणाऱ्या प्रत्येक अवतरणापुढे आपोआप उलटी तिरकी रेघ घालायची. ती २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत नापसंत ठरवली गेली आणि २०१२ मध्ये ५.४ मध्ये काढून टाकली. तुमच्या जुन्या नोंदींत अवतरणाआधी \ दिसत असेल तर ती बहुधा त्याच काळाची खूण आहे.

डेटाबेसला मजकूर पाठवताना अवतरणांचं काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे डेटाबेसला आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवणं. त्यासाठी एचटीएमएलचं एस्केप वापरणं म्हणजे दोन्हीकडे घोळ.

चाचणीसाठी एक नाव

दुरुस्तीला हात घालण्याआधी या नावाची एक खोटी नोंद करा:

क &#2325; "ग" 'घ' <!च>

ते असं विचित्र का आहे ते सांगतो, कारण मराठीत चाचणी घेताना इथेच फसगत होते. नुसतं <च> लिहून पाहिलं तर एस्केप केलेलं नसलं तरी पानावर <च> च दिसतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. टॅग सुरू व्हायला < च्या लगेच पुढे रोमन अक्षर लागतं. देवनागरी अक्षर आलं तर ब्राउझर त्या < ला साधा मजकूर मानतो. <! मात्र त्याला टिप्पणीची सुरुवात वाटते, आणि पुढचा > येईपर्यंत सगळं गिळलं जातं. त्यामुळे पानावरून <!च> गायब झालं तर त्या जागी एस्केप नाही हे नक्की. तसंच सुटा & (दोन्ही बाजूंना जागा असलेला) एस्केप न करताही नीट दिसतो, म्हणून तोही चाचणीला निरुपयोगी. &#2325; हा 'क' चा सांकेतिक क्रमांक आहे. पानावर 'क क' असं दिसलं तर एस्केप राहिलंय. नावात नसलेली & आणि ; जास्तीची दिसू लागली तर एस्केप दोनदा होतंय.

ही नोंद यादीत, तपशिलाच्या पानावर, दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये, ब्राउझरच्या टॅबवरच्या शीर्षकात आणि शोधाच्या निकालात बघा. मग काहीही न बदलता ती पुन्हा पुन्हा जतन करा. नाव एका अक्षरानेही हललं नाही पाहिजे. शंका आली तर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा मूळ स्रोत बघा. पडद्यावरचं रूप फसवतं, स्रोत फसवत नाही.

फॉर्ममधली रिकामी चौकट

हा बिघाड सगळ्यात घातक, कारण तो नाव कापतो. जुन्या कोडमध्ये इनपुटच्या चौकटीची किंमत एकेरी अवतरणांत लिहिलेली होती. एचटीएमएलस्पेशलकॅर्स वापरलेलंही होतं. पण पीएचपी ८.१ च्या आधी हे फंक्शन मुळात फक्त दुहेरी अवतरण एस्केप करायचं आणि एकेरी तसंच सोडायचं. एकेरीसाठी एन्ट_क्वोट्स हा पर्याय स्वतः द्यावा लागायचा. ८.१ पासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, तो आपोआप लागू असतो. त्याआधीच्या सर्व्हरवर 'अ' जीवनसत्त्वावरच्या एखाद्या पुस्तकाचं नाव पहिल्याच अवतरणाशी संपतं आणि चौकट रिकामी उघडते. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि त्यानं जतन केलं, तर नाव कायमचं गेलं.

हा बिघाड काही नोंदींवर येतो आणि काहींवर नाही, त्यामुळे शोधणारा चक्रावतो. वर्डमधून चिकटवलेल्या नावांत बहुतेकदा गोलाकार ‘ ’ अवतरणं असतात, त्यांना एचटीएमएलमध्ये काही खास अर्थ नाही. थेट चौकटीत टाइप केलेल्या नावांत सरळ ' असतं आणि तीच फुटतात. मराठी छपाईत एकेरी अवतरणाची सवय मोठी असल्यानं इंग्रजी नोंदींपेक्षा आपल्याच नोंदी यात जास्त सापडतात. सर्व्हर कोणताही असो, एन्ट_क्वोट्स आणि यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) दोन्ही स्पष्ट लिहा, आणि गुणधर्म नेहमी दुहेरी अवतरणांत ठेवा.

'हे पुस्तक काढून टाकायचं का?' असं विचारणाऱ्या बटणात पुस्तकाचं नाव जावास्क्रिप्टला दिलेलं असेल तर तिथे एचटीएमएलचं एस्केप पुरत नाही. ब्राउझर आधी गुणधर्म उलगडतो, &#039; चा ' करतो, आणि मग ते जावास्क्रिप्टला देतो. तिथे ते अवतरण वाक्य मोडतं. नाव बटणाच्या डेटा-गुणधर्मात ठेवा आणि स्क्रिप्टने ते तिथून वाचू द्या. दुव्यातल्या पत्त्याचा नियमही निराळा: लेखकाचं नाव आधी रॉयूआरएलएन्कोड या फंक्शनने पत्त्यात चालेल अशा रूपात बदलायचं (देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाची तिथे नऊ अक्षरं होतात, घाबरू नका), आणि मग पूर्ण पत्ता गुणधर्मात घालताना एचटीएमएलसाठी एस्केप करायचा. याच क्रमाने.

आख्खी नावंच आकड्यांत दिसली तर

काही जुन्या नोंदींत 'मराठी' या शब्दाऐवजी &#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368; असं दिसतं. याचं कारण तुमच्या कोडच्या एस्केपमध्ये शोधू नका. फॉर्मचं पान यूटीएफ-८ नसून जुन्या पाश्चात्य एन्कोडिंगमध्ये दिलं गेलं असेल, तर त्या एन्कोडिंगमध्ये न बसणारं प्रत्येक अक्षर ब्राउझर स्वतःच अशा आकड्यांत बदलून पाठवतो. वर्षानुवर्षं ते एस्केप न करता छापलं गेल्यानं कुणाला कळलं नाही. तुम्ही छापताना नीट एस्केप करायला लागलात, की ते एकदम उघडं पडतं आणि लोक म्हणतात, 'तुम्ही दुरुस्ती केली आणि पान बिघडलं.' दुरुस्ती मागे घेऊ नका. पानाचं हेडर (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती), फॉर्म आणि डेटाबेसची जोडणी तिन्ही यूटीएफ-८ वर आणा. मायएसक्यूएलमध्ये ती यूटीएफ८एमबी४ असावी. मग जुन्या नोंदी उलगडा.

सारांश कोरा येतो किंवा शेवटी � दिसतं

यादीत प्रत्येक पुस्तकाखाली परिचयाच्या पहिल्या दोन ओळी दाखवायच्या म्हणून कुणीतरी सबस्ट्रने मजकूर कापलेला असतो. सबस्ट्र बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं आणि गुजरातीचंही प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं, त्यामुळे कात्री अक्षराच्या मधोमध चालते. असा तुटका बाइट मजकुरात आला की ८.१ च्या आधीचं एचटीएमएलस्पेशलकॅर्स आख्खा मजकूरच टाकून देतं आणि रिकामी ओळ परत करतं. कुठलीही सूचना नाही. ८.१ पासून तुटक्या जागी � येतं. इंग्रजी पुस्तकांचे सारांश व्यवस्थित आणि मराठीचे काही आहेत, काही कोरे, असं चित्र दिसलं तर हेच समजा.

एमबी_सबस्ट्र वापरलं की अक्षरचिन्ह तुटत नाही, पण काना-मात्रा-वेलांटी हे वेगळं चिन्ह धरलं जातं, म्हणून 'पु' चा उकार गळून 'प' उरू शकतो. इंटल हे पीएचपीचं वेगवेगळ्या भाषांसाठीचं जोडपॅकेज (एक्स्टेन्शन) असेल तर ग्राफीम_सबस्ट्र मात्रा अक्षरासोबत ठेवतं. त्याहून चांगलं म्हणजे जवळच्या मोकळ्या जागेपाशी, पूर्ण शब्दावर थांबणं. आणि आधी कापा, मग एस्केप करा. उलट केलंत तर कात्री &#039; च्या मधून जाते आणि ओळीच्या शेवटी &#0 असलं काहीतरी लटकतं.

शेवटचं पुस्तक गायब, त्याच्या आधीचं दोनदा

मला सगळ्यात जास्त वेळ या बिघाडाने खाल्ला, आणि मी तो इतर ठिकाणीही पाहिला आहे. यादीत शेवटचं पुस्तक नसतं आणि उपांत्य पुस्तक दोनदा येतं. डेटाबेसमध्ये सगळं बरोबर असतं. पान बदललं की वेगळं पुस्तक हरवतं.

कारण असं. छापण्याआधी सगळी यादी एकदम एस्केप करून ठेवू म्हणून कुणीतरी फॉरईचमध्ये (यादीतल्या एकेका घरातून जाणाऱ्या फेरीत) चल संदर्भाने, म्हणजे प्रत न करता मूळ घराशीच बांधून, घेतलेलं असतं, म्हणजे $पुस्तक ऐवजी &$पुस्तक. फेरी संपली तरी तो चल यादीच्या शेवटच्या घराशी बांधलेलाच राहतो. खाली छापायच्या फेरीत तेच नाव, यावेळी & शिवाय, पुन्हा वापरलं जातं. आता प्रत्येक फेरीत येणारं पुस्तक त्या शेवटच्या घरात लिहिलं जातं. यादी क, ख, ग असेल तर ती आधी क, ख, क होते, मग क, ख, ख. तिसऱ्या फेरीत शेवटचं घर वाचायला जावं तर तिथे ख बसलेला. ग संपला.

पहिल्या फेरीनंतर अनसेट लिहून चलाची ती गाठ सोडवली की हे थांबतं, आणि बहुतेक जण तेवढंच सांगतात. माझं मत आहे की ती फेरीच काढावी. मूळ यादी जागच्या जागी एस्केप करून टाकली, की पुढे तीच यादी कुणी शोधासाठी, निर्यातीसाठी, ईमेलसाठी वापरली तर तिथे एस्केप केलेला मजकूर जातो, आणि कुणाच्या हातात कोणतं रूप आहे हे कोड वाचून कळत नाही. जिथे छापतोय तिथेच, त्याच ओळीत एस्केप करा. वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मार्कअप बनवणाऱ्या फंक्शनने दुसरं काही करू नये

हाच धागा पुढे जातो. पुस्तकाचं कार्ड बनवणारं फंक्शन मजकूर परत देण्याऐवजी मधूनच एको करत, म्हणजे थेट छापत असेल तर कार्डं पानाच्या माथ्यावर, मथळ्याच्याही वर जाऊन बसतात. वर्डप्रेसच्या शॉर्टकोडमध्ये (लेखात लिहायची छोटी खूण, जिच्या जागी फंक्शनचा मजकूर येतो) हे हमखास घडतं. तिथे फंक्शनने मजकूर परत द्यायचा असतो, छापायचा नसतो. जुनं फंक्शन आज बदलता येत नसेल तर ओबी_स्टार्ट आणि ओबी_गेट_क्लीन यांच्या मध्ये त्याला बोलावून छापलेला मजकूर पकडता येतो. पण ती तात्पुरती डागडुजी.

आमच्या कार्डाचं फंक्शन छापता छापता 'किती वेळा पाहिलं' हा आकडाही वाढवायचं. कार्ड यादीत बनलं, शोधात बनलं, 'नवीन पुस्तकं' मध्ये बनलं, आणि आकडा प्रत्येक वेळी चढला. कोणती पुस्तकं वाचक बघतात याचा तो आकडा समितीसमोर जायचा, म्हणून ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. मोजणी तपशिलाच्या पानाच्या विनंतीपाशी हलवली. कार्डाचं फंक्शन आता पुस्तक घेतं आणि मजकूर देतं. एकदा बोलवा की दहादा, फरक पडत नाही, आणि त्याची चाचणी डेटाबेसशिवाय घेता येते.

लॉगिन टिकत नाही किंवा पान पुढे सरकत नाही, आणि हेडर्स आधीच पाठवले गेल्याची सूचना येते, हा याच कुळातला बिघाड. ती सूचना पूर्ण वाचा. मजकूर जाणं कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर सुरू झालं ते तिच्यातच लिहिलेलं असतं. पहिली ओळ दाखवत असेल आणि तिथे काहीच दिसत नसेल, तर फाइलच्या तोंडाशी बीओएम या एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेचे तीन अदृश्य बाइट आहेत. मराठी शब्दांची फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून जतन केली की ते यायचे. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड मुळात बीओएमशिवाय जतन करतो, पण जुन्या संगणकांवर अजून घडतं. घरच्या मशीनवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, यामागे आउटपुट बफरिंगचा (छापलेला मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवण्याचा) फरक असू शकतो. ४०९६ बाइटांचं बफर चालू असेल तर छोट्या पानांवर ही चूक झाकली जाते.

सुरक्षेबद्दल

वाचकांनी पुस्तकं सुचवायचा फॉर्म सूचीवर असेल, तर एस्केप न केलेली प्रत्येक जागा म्हणजे अनोळखी माणसाला तुमच्या पानावर स्क्रिप्ट चालवायची मोकळीक. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर एका प्रोफाइलमध्ये पेरलेली स्क्रिप्ट एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलांत पसरली होती. सुचवलेल्या पुस्तकाचा दुवा घेत असाल तर तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस नेच सुरू होतो का ते तपासा. दुव्याच्या जागी थेट जावास्क्रिप्ट लिहिलेली असेल तर कितीही एस्केप करा, ती चालतेच.

जुन्या नोंदी साफ करताना

आधी बॅकअप. मग जतन करतानाचं एस्केप बंद करा, नाहीतर साफ केलेलं पुन्हा खराब होईल. त्यानंतर ज्या नोंदींत & च्या पुढे ; पर्यंतचा असा तुकडा सापडतो तेवढ्याच वेगळ्या काढा. उलगडायला एचटीएमएल_एन्टिटी_डीकोड वापरा. एचटीएमएलस्पेशलकॅर्स_डीकोड फक्त वरची पाच चिन्हं ओळखतं, &#2350; त्याला समजत नाही. इथेही एन्ट_क्वोट्स द्यायला विसरू नका, नाहीतर ८.१ च्या आधी एकेरी अवतरण तसंच राहतं. काही नोंदींवर दोन-तीन थर असतात, म्हणून एकेक थर काढा आणि मधे यादी बघा. मजकूर बदलायचा थांबेपर्यंत आंधळेपणाने उलगडत जाऊ नका: संगणकाच्या पुस्तकांच्या परिचयात &#60; हा मजकूर म्हणून मुद्दाम लिहिलेला असू शकतो, आणि तो उलगडला तर परिचयाचा अर्थच जातो.

एचटीएमएलस्पेशलकॅर्सला 'आधीच एस्केप केलेलं असेल तर सोडून दे' असं सांगणारा एक पर्याय आहे. तो लावला की पडद्यावरची तक्रार त्याच क्षणी थांबते, म्हणून मोह होतो. डेटा मात्र तसाच खराब राहतो आणि खरोखर &#60; लिहिलेले परिचयही चुकीचे दिसतात. साफसफाई चालू असेपर्यंतसुद्धा मी तो लावला नाही.

फॉर्मच्या रिकाम्या चौकटीमुळे कापली गेलेली नावं कोणत्याही फंक्शनने परत येत नाहीत. ज्या नोंदींत नाव रिकामं आहे किंवा वाक्य अर्धवट थांबलंय त्यांची यादी काढून ग्रंथपालबाईंना दिली. त्या कपाटापाशी उभ्या राहून पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून एकेक नाव सांगत आहेत आणि मी भरतो आहे. गुजरातीच्या कपाटाचं काम अजून बाकी आहे.